पडायच्या आधी बर्फ बोलतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती जायच्या आधीचे दोन महिने आम्ही दोघं ओट्यावर बसून नुसते बोलत होतो. लग्नापासूनचं सगळं उकरून काढलं, कुणाच्या मांडवात कोण रुसलं होतं इथपर्यंत — पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल. की आता ऐंशीच्या घरात आलो म्हणून? मला ठाऊक नाही. या गोष्टीतलं बरंच काही मला ठाऊक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट एका हसण्याची आहे. बाहत्तरच्या दुष्काळात, भर दुपारी, पन्नास-साठ माणसांसमोर मी एकदा हसलो. एवढंच. तुम्ही म्हणाल, हसण्यात काय एवढं? मीही तेच म्हणत आलो. पण एखाद्या गोष्टीला 'काही नाही, काही नाही' असं माणसाला इतकी वर्षं स्वतःशी म्हणावं लागतं — मग ती खरंच काही नसते का?

हसण्याकडे यायचं तर आधी बोटीकडे जायला हवं. ते सोपं आहे, तिथलं सगळं मला लख्ख आठवतं.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, पावसावर जगणारं. घरटी एक माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. मी गोदीत होतो आणि लहानूही गोदीत. लहानू आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात. पुढं आम्ही बारा वर्षांचे असताना त्यांच्या वाड्यानं बौद्ध धर्म घेतला आणि घरातले देव गाठोड्यात बांधून ओढ्याच्या डोहात सोडून दिले. मी काठावरनं पाहत होतो. खंडोबाला असं बुडवलं, आता काहीतरी होणार, म्हणून मीच आठ दिवस घाबरून होतो. लहानू मात्र दुसऱ्या दिवशी त्याच डोहात पोहायला आला.

तर गोदीतल्या एका ओळखीनं आम्हा दोघांना परदेशी बोटीवर काम मिळालं. मला भटारखान्यात, त्याला धोबीखान्यात. ही मालाची बोट नव्हती. लहानशी, पन्नासेक उतारूंची, आणि उतारू म्हणजे बहुतेक पिकल्या केसांचे गोरे लोक. त्यांची हौस काय, तर पृथ्वीच्या पार दक्षिणेच्या टोकाला जायचं आणि बर्फ बघायचा. बर्फ आणि जनावरं. पहिले पंधरा दिवस मला वाटत होतं, यामागं दुसरं काहीतरी असणार — शिकार, नाहीतर सोन्याबिन्याचा शोध. तसं काही निघालं नाही. ती म्हातारी माणसं गळ्यात दुर्बिणी अडकवून बोचऱ्या वाऱ्यात तासन्‌तास उभी राहायची. लांब कुठं देवमाशानं पाठ दाखवली की एकमेकांचे दंड धरून नाचायची. मी भटारखान्याच्या गोल खिडकीतून बघायचो आणि बटाटे सोलायचो.

त्यांच्याबरोबर एक दाढीवाला साहेब असायचा. कर्ण्यातून तो सांगायचा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, हे अमुक जनावर, ते काय खातं, पोरं कशी वाढवतं. आम्ही त्याला जनावरांचा मास्तर म्हणायचो. किनारा आला की रबरी होड्या पाण्यात सोडायच्या आणि दहा-दहा माणसं त्यात बसवून जवळून दाखवून आणायची. अशाच एका होडीवरच्या खलाशाचा हात दोरात सापडून चिरडला, आणि त्याच्या जागी मास्तरानं लहानूला उचललं. कपडे पिळून पिळून त्याची मनगटं लोखंडी झाली होती. सकाळी तो धोबीखान्यात, दुपारी होडीवर. संध्याकाळी खोलीत आला की मला सगळं सांगायचा. पेंग्विन म्हणून एक पक्षी आहे, तो डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखा जपून जपून चालतो, हे मला आधी त्यानं चालून दाखवलं आणि मग मी खरा पेंग्विन पाहिला. खरं सांगू का, लहानूचाच बरा होता.

आमची खोली एक. त्याचा बिछाना वर, माझा खाली. भटारखान्यातनं मी ताट घेऊन यायचो आणि आम्ही त्या एका ताटात जेवायचो. गावात हे कुणाला पाहवलं नसतं. बोटीवर कुणाला त्याचं काही नव्हतं — आणि मलाही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर मला स्वतःलाच त्याची खात्री वाटेनाशी झाली. नव्हतं ना मला काही? की बोटीवर दुसरा कुणी आपल्या बोलीचा नव्हता, म्हणून नव्हतं?

मग ती बर्फाची नदी. तिला शाळेच्या पुस्तकात हिमनदी म्हणतात, पण पुस्तकात ती पांढऱ्या पट्ट्यासारखी असते. आम्ही पाहिली ती दोन डोंगरांच्या मधून उतरून समुद्रात उभीच्या उभी थांबलेली. भिंत. आमच्या गावची वेस एकावर एक दहा वेळा ठेवली तरी पुरली नसती. आणि तिचा रंग निळा. आकाशासारखा फिका नव्हे — नीळ जास्त पडलेल्या धोतरासारखा. लहानू ते बघून मला म्हणाला, कुनाच्या हातनं नीळ सांडली रं ही? धोब्याचंच लक्ष ते. आम्ही दोघं हसून हसून वाकलो. तेही एक हसणंच होतं.

त्या दिवशी मुख्य स्वयंपाक्यानं मला अर्धा तास मोकळं सोडलं. मी मागच्या डेकवर कठड्याला धरून उभा. खाली पाण्यात रबरी होडी, तीत दहा म्हातारे, मास्तर, आणि पुढच्या टोकाला दोर धरून उभा लहानू. मास्तर भिंतीकडे हात करून काही समजावत होता. आणि लहानूनं एकदम त्याची बाही ओढली. मास्तर थांबला. लहानूनं आधी कानाकडे बोट केलं, मग भिंतीकडे. भिंतीच्या एका अंगाला बारीक चुरा गळत होता, पोत्याला भोक पडून धान्य गळावं तसा. मग मलाही ऐकू आलं — आतून काहीतरी कडकडलं. मग सगळं गप्प. मास्तरानं तोवर होडी मागे वळवली होती. ती थोडी लांब आली असेल-नसेल, आणि ते निळं अंग सबंधच्या सबंध खाली आलं. पाणी उसळलं, होडी वर गेली, खाली आली, दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली. दहाच्या दहा म्हातारे शाबूत.

रात्रीच्या जेवणाआधी कप्तानानं सगळ्या खलाशांसमोर लहानूला लोकरीची लाल टोपी दिली. मास्तरानं पूर्वी मुंबईत काही वर्षं काढली होती, त्यानं मोडक्या हिंदीत आम्हा दोघांना समजावलं, की बर्फ असो वा माती, उभा कडा पडायच्या आधी बोलतो. आधी चुरा गळतो, मग आत कडकडतं, मग तो गप्प होतो. गप्प झाला की पळायचं. लहानूनं ते मराठीत माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मला ते आजही पाठ आहे.

हे मी पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे वाक्य आता किती सहज निघतं. तेव्हा काय झालं होतं?

करार संपला आणि आम्ही घरी आलो, ते नेमके बाहत्तरच्या पावसाळ्यात. पावसाळा म्हणायचा, पाऊस आलाच नाही. दिवाळीपर्यंत विहिरी तळाला गेल्या. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि सगळं गाव तिथं लोटलं. मुंबईला परत जायचा बेत आम्ही दोघांनीही पुढं ढकलला, घरची माणसं अशी टाकून जाववेना. माझे सख्खे चुलते तात्या त्या कामावर मुकादम झाले. वडील गेल्यावर त्यांनीच आम्हाला वाढवलं, तेव्हा घरातही तेच मुकादम.

सुरुवातीला आम्हाला मोठा मान. जेवणाच्या सुट्टीत माणसं भोवती बसायची. रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी चावता चावता बर्फाच्या गोष्टी ऐकायची. एक म्हातारी रोज विचारायची, एवढं पानी नुसतं गोठून उभं हाय, ते कुनी भरीत कसं न्हाई? सांगायचो बहुतेक मी. लहानू बाजूला, त्यांच्या वाड्यातल्या माणसांत. मध्ये दहा-बारा हात मोकळी जागा. ती जागा कुणी आखली नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होती. मी सांगायचो त्यातलं निम्मं लहानूनं पाहिलेलं असायचं — होडीतनं पाहिलेलं. सांगताना ते माझं होऊन जायचं. तो तिकडं ऐकत भाकरी खायचा. एकदा तो आमच्या घरी आला तेव्हा आईनं त्याला वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपात चहा दिला, कान तुटलेल्या. मी समोर बसून माझा चहा प्यालो. ताट मला आठवलं, नाही असं नाही.

आता येतो. येतोच आहे.

तलावाच्या भरावासाठी बाजूची टेकडी खोदत होते. मुरूम खालच्या बाजूला मऊ होता, म्हणून गडी खालूनच कोरत गेले, आणि वरचा कडा पुढं आल्यासारखा उभा राहिला. त्याच्या खाली बायका पाट्या भरायच्या. त्यांत लहानूची बायको शेवंता होती. लग्नाला तीन वर्षं झालेली. लहानू लांब, दगड फोडायच्या टोळीत. एके दिवशी सुट्टीत तो कड्याजवळ गेला, कान लावून उभा राहिला आणि तसाच तात्यांकडे आला. डोक्यावर ती लाल टोपी. म्हणाला, बायांना खालून काढा, कडा बोलायला लागलाय. आधी वरून फोडून घ्या, मग खाली माणसं घाला.

वरून फोडायचं म्हणजे चार दिवस मोजमापाचं काम बंद, आणि मजुरी मोजमापावरच मिळायची. तात्यांनी विचारलं, तुला रं काय कळतं त्यातलं? लहानूनं सांगितलं. बर्फाची भिंत, तिचा चुरा, तिचं कडकडणं, सगळं. पहिल्यांदाच तो सगळ्या गावासमोर बोलत होता. माणसं आधी ऐकत होती. मग कुणीतरी म्हणालं, बर्फ बोलतो व्हय? आणि निळा बी असतो म्हनं. हशा झाला.

आमच्याकडे बोलण्याचा निकाल बेलभंडाऱ्यावर लागतो. हातात बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा घ्यायचा आणि बोलायचं. खोटं बोललं तर घराण्याचं वाटोळं होतं, म्हणून उचलला की माणूस खरा आणि नाही उचलला की खोटा. मध्ये काही नाही. तात्यांच्या बटव्यात कोरठणच्या खंडोबाचा भंडारा कायम असायचा. बेल कुठून आणणार त्या दिवसांत, म्हणून ते म्हणाले, नुसता भंडारा पुरे. पुडी सोडून त्यांनी पुढं धरली.

लहानू म्हणाला, "भंडारा मी उचलनार न्हाई, तात्या. आमी ते सोडलं. माझा शब्द हाय, तेवढा घ्या."

तो सरळ उभा होता. उद्धटपणानं नव्हे. पण माणसांमध्ये एक कुजबुज गेली, आणि ती काय म्हणत होती ते मला कळत होतं. मग तात्या माझ्याकडे वळले.

"दत्तू, तू संगं हुतास. ह्यो म्हनतोय ते तू बघितलंय का? उचल, आन सांग."

बघा आता. मला खोटं बोलायचं नव्हतं. उचलायचा आणि 'हो' म्हणायचं — खरंच होतं ते. देव कोपायचा प्रश्नच नव्हता. आयुष्यात इतकी सोपी शपथ मला पुन्हा मिळाली नाही. तात्यांच्या तळहातावर पिवळा भंडारा, पन्नास-साठ माणसांचे डोळे, आणि ती दहा-बारा हातांची मोकळी जागा. तिच्या त्या अंगाला लहानू.

आणि मी हसलो.

का? त्याच्या टोपीला हसलो का? तात्यांना घाबरलो? उद्या मलाही गावानं वेड्यात काढलं असतं म्हणून? की इतके दिवस मी सांगत आलेल्या गोष्टी मुळात त्याच्या आहेत हे उघड झालं असतं — म्हणून? की त्यानं आमचा देव नाकारला आणि मी त्याच देवाची शपथ त्याच्यासाठी घ्यायची, हे आत कुठं तरी खुपलं? प्रत्येक कारण मी घालून पाहिलंय. प्रत्येक थोडं थोडं बसतं, पुरतं एकही बसत नाही. कधी कधी वाटतं, कारण नव्हतंच. सगळे हसत होते आणि मी त्यांच्यातला होतो.

तात्यांनी पुडी बांधून बटव्यात ठेवली. लहानू माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे. मी काहीतरी विसरलोय आणि आता एवढ्यात मला आठवेल, अशी वाट बघत असल्यासारखा. मग त्यानं घण उचलला आणि तो आपल्या टोळीकडे गेला. त्या दिवसापासून गाव त्याला बर्फ्या म्हणू लागलं.

तिसऱ्या दिवशी कडा पडला. दुपारच्या सुट्टीला थोडा वेळ होता. बाकीच्या बाया सुटल्या, शेवंतावहिनी कंबरेपासून खाली सापडल्या. लहानू सगळ्यात लांब होता आणि सगळ्यांच्या आधी पोचला. तो हातांनी मुरूम उपसत होता, मीही त्याच्या शेजारी बसून उपसत होतो. आमचे हात एकमेकांना लागत होते. कामावरच्या ट्रकमधून त्यांना नगरला दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्यापासून जो ताठ झाला तो कायमचा.

तात्या दोन दिवस जेवले नाहीत. लहानू म्हनत हुता खरं, एवढं ते एकदा म्हणाले. पण मला कुणीच काही विचारलं नाही. माझं हसणं कुणाच्या लक्षातही नव्हतं. मला वाटलं, सुटलो.

आठ दिवसांनी मी नगरला बघायला गेलो. लहानू खाली चहा आणायला गेला होता. शेवंतावहिनींनी मला बसायला सांगितलं, घरच्यांची चौकशी केली. मग आपणहून म्हणाल्या, "ह्यांनी मला लई सांगितलं हुतं भावजी, खाली जाऊ नगं म्हनून. पर तुमी म्हनलात ना, ते खाली धोबीखान्यात हुते. मला वाटलं, मग ह्यांनी कुनाचं तरी ऐकल्यालं सांगत्यात. उगं भ्यात्यात."

त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. स्वतःचीच चूक सांगत होत्या त्या — नवऱ्याचं ऐकलं नाही, ही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. मघाशी मी म्हणालो, मी फक्त हसलो. ते खरं नाही. इथवर येईपर्यंत तुमच्याशीही मी लपवलंच. हसल्यावर मी एक वाक्य बोललो होतो. तात्यांना म्हणालो, "त्याला काय ठावं, तो खाली धोबीखान्यात हुता." यातला शब्दन्‌शब्द खरा आहे की नाही बघा. होताच तो धोबीखान्यात — सकाळी. मी भंडारा उचलून हेच बोललो असतो तरी देवाला काही करता आलं नसतं. इतकं नेमकं वाक्य मला त्या क्षणी सुचलं कसं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी तसा काही हुशार माणूस नाही.

आणि ते वाक्य गावानं ऐकलं ते ऐकलंच, पण त्याच्या बायकोनं ऐकलं. बाकीच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता तरी तिनं ठेवला असता. तो मी काढून घेतला. तिचा पाय त्या कड्याखाली मी ठेवला, असं म्हणू का? म्हणतो.

दवाखान्यात मी त्यांना काय उत्तर दिलं, तेही विचाराल. मी म्हणालो, आराम करा वहिनी. लहानू चहा घेऊन आला. एक कप मला दिला, एक बायकोला, स्वतःला आणलाच नव्हता. मी तो चहा प्यालो.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण अजून एक आहे, आणि खरं तर माझी झोप जाते ती त्यानंच.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. त्याच्या पुढच्या वर्षी शाळेत नवे हेडमास्तर आले. त्यांना कळलं की गावात एक माणूस बर्फाच्या देशापर्यंत जाऊन आलाय. एक माणूस — मी. शनिवारी सकाळी त्यांनी मला पोरांसमोर बोलायला बोलावलं. गावातली मोठी माणसंही आली. लहानू आणि शेवंतावहिनी पार मागे, भिंतीला टेकून बसले होते. वहिनींचा पाय सरळ पुढं पसरलेला, शेजारी काठी.

मी रंगवून सांगितलं. देवमासा, सील, रबरी होड्या, सगळं. बर्फाच्या भिंतीवर आलो. निळी होती म्हणालो. चौथीतली एक पोर उठली आणि म्हणाली, बर्फ पांढरा असतो, जत्रेतल्या गोळेवाल्याकडं मी बघितलाय. पोरं हसली. मग मोठी माणसंही हसली. तेच हसू. मला ते लगेच ओळखू आलं. मी त्याच्या आत उभा राहिलो होतो, बाहेर कधी नाही. हेडमास्तरसुद्धा जरा गमतीनं माझ्याकडे बघत होते.

मागे लहानू उठून उभा राहिला.

"निळाच हुता, पोरी," तो म्हणाला. "मी बघितलाय. दत्तू सांगतोय ते खरं हाय."

त्याला कुणी विचारलं नव्हतं. कुणी भंडारा पुढं धरला नव्हता. गाव ज्याला बर्फ्या म्हणायचं, तो माणूस बर्फासाठी पुन्हा उभा राहिला. माझ्यासाठी. दोन-तीन जण फिसकन हसले, पण पोरं गप्प झाली. एका माणसानं सांगितलं ते दुसऱ्यानंही पाहिलंय म्हटल्यावर पोरांना पटलं. ती पोर खाली बसली. लहानूही बसला.

तेव्हा बोलायचं होतं. सगळं गाव समोर होतं, तात्या होते, वहिनी होत्या. म्हणायचं होतं की होडीत हा होता, मी नव्हतो. चुरा यानं पाहिला, बाही यानं ओढली, दहा जीव यानं वाचवले. मी तोंड उघडलं. हेडमास्तर म्हणाले, हं, मग पुढं? आणि मी पेंग्विन कसा चालतो ते चालून दाखवलं. लहानूनं मला शिकवला होता तसा, घागर घेतल्यासारखा. पोरं खूश झाली. लहानूही मागे हसत होता, मनापासून.

त्याला माहीत होतं का — मी विसरलो नव्हतो हे? की तो मला खरंच विसरभोळा समजून गेला? मी कधी विचारलं नाही. लहानूला जाऊन आता नऊ वर्षं झाली. लाल टोपी त्याच्याबरोबर दिली, असं ऐकलं. मी मयतीला गेलो होतो, पण मागे उभा होतो, मला दिसली नाही.

शेवंतावहिनी आहेत. लेकीकडे जाताना माझ्या ओट्यावरून जातात. काठीचा आवाज आधी येतो. भावजी, जेवला का, असं विचारतात. मी जेवलो म्हणतो.

बर्फ निळा होता. आधी चुरा गळला, मग आत कडकडलं, मग तो गप्प झाला, मग पडला. लहानू धोबीखान्यात नव्हता. तो होडीच्या पुढच्या टोकाला दोर धरून उभा होता, त्यानं सगळ्यांच्या आधी ऐकलं, आणि मी मागच्या डेकवरून ते बघत होतो.